दक्षिणेकडे वाकलेलं धान

त्या वर्षी कर्वेनगरच्या आमच्या घरामागे, दक्षिणेला, कॉम्प्युटरवाल्यांची काचेची इमारत उभी राहिली. उन्हं कलली की सूर्य पश्चिमेला असायचा आणि ऊन मात्र त्या काचेवरून, दक्षिणेकडून, आमच्या आतल्या खोलीत यायचं. भांड्यांना दोन-दोन सावल्या पडायच्या. मला ते बघवत नसे.

आतल्या खोलीत हे पडून होते. कारखान्यात अर्धांगवायूचा झटका आला, तेव्हापासून डावी बाजू गेली, बोलणंही गेलं. कूससुद्धा मीच बदलून द्यायची.

नवरात्रात सासूबाईंनी बाहेरच्या खोलीत घट बसवले. परडीत माती, त्यात गहू पेरलेले, शेजारी अखंड दिवा. बंद खोलीत उगवलेलं ते पिवळं धान दर वर्षी दिव्याकडे झुकायचं. या वेळी दिव्याकडे पाठ करून ते ह्यांच्या दाराकडे वाकलं. एकूण एक कोंब.

"दक्षिण म्हणजे यमाची," सासूबाई हळूच म्हणाल्या. "माझ्या लेकाकडे बोट दाखवतंय ते."

"आई, काचेचं ऊन येतं ना तिकडून..."

"ऊन दक्षिणेकडून यायला लागलं का आता? चार वर्षं शाळेत काय नुसत्या पाट्या पुसल्यास?"

खरं तर मलाही खात्री नव्हती.

बसवलेला घट हलवायचा नसतो. म्हणून त्यांनी यमाची वाटच बंद केली. ह्यांच्या खिडकीला गोणपाट ठोकलं, दार ओढून घेतलं. मी जेवण भरवायला आत जायची आणि लगेच दार लावून बाहेर यायची.

कोंब फिरले. मधेच मोडल्यासारखे वळून पुन्हा दिव्याकडे गेले. सासूबाईंनी हात जोडले. "टळलं गं बाई."

पण आत वेगळंच चाललं होतं. मी ह्यांना दाराकडे तोंड करून निजवायची. ताट घेऊन जावं, तर तोंड खिडकीकडे. गोणपाटाला एक बारीक भोक होतं, त्यातून उजेडाची काडी यायची. मान ताणून हे तिच्याकडे बघत असायचे.

"आई, ह्यांची कूस तुम्ही बदलता का?"

"मी कशाला? मी त्या खोलीत पाऊलही टाकलेलं नाही."

दसऱ्याला घट उठले. उन्हं कलल्यावर ह्यांच्या कानावर धान खोचायला सासूबाई दिवा घेऊन आत आल्या. पिवळे कोंब गालावर टेकले आणि त्यांचा हात तिथेच थांबला. गाल आणि कोंब एकाच रंगाचे होते.

"अगं..." एवढंच त्या म्हणाल्या.

मी गोणपाट ओढून काढलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना न विचारता काही केलं. दक्षिणेकडचं ऊन सरळ ह्यांच्या तोंडावर पडलं. ह्यांनी डोळे मिटले, पण तोंड फिरवलं नाही.

त्या उन्हाची मला अजूनही भीती वाटते. तरी ती खिडकी मी पुन्हा लावली नाही. हे पुढे बरीच वर्षं जगले. कुठल्याही कुशीवर निजवा, संध्याकाळपर्यंत तोंड तिकडेच.