माघारीचा दिवस

मला लहानपणापासून जागेपणी स्वप्नं बघायची खोड. भाकरी तव्यावर टाकून मी कुठंतरी हरवायची आणि इकडं भाकरी करपायची. त्यावरून आईनं मला कितीदा फैलावर घेतलं असेल. नर्सची नोकरी लागली तेव्हा ही खोड मी दाबून टाकली, कारण हातात सुई असताना तंद्री लागून चालत नाही. निवृत्त झाले आणि ती परत वर आली. इतकी बोकाळली, की साठी उलटल्यावर मी शिरूरच्या नगराध्यक्षपदासाठी अपक्ष म्हणून अर्ज भरला.

माझ्या त्या स्वप्नात कुलुपं नव्हती. म्हणजे झालं असं, की कंपन्यांत कामाला आलेली बाहेरगावची कुटुंबं आमच्या गावाच्या कडेला पत्र्याच्या चाळींत राहतात. नवरा-बायको दोघंही ड्युटीला जातात. पोलिओचा डोस द्यायला मी त्या चाळींत हिंडायची. दाराला बाहेरून कुलूप दिसलं की भिंतीवर खडूनं ‘घर बंद’ची खूण करून पुढं निघायचं, असा नियम. एकदा खूण करून वळले आणि आतून कुणीतरी खोकलं. खिडकीशी गेले तर तीन-चार वर्षांचं पोर गजांना धरून उभं. आई-बाप पोराला आत ठेवून कुलूप लावून गेले होते. दुसरं करणार काय? सोबत आजी नाही, मावशी नाही, शेजारीपण ड्युटीवर. मी गजांतून हात घालून त्याला दोन थेंब पाजले. त्या चाळीत अशा तीन खोल्या निघाल्या.

निवृत्तीनंतर मी रोज दुपारी एक वाजता तिकडं जायला लागले. त्यातल्या एका खोलीत चार वर्षांची एक मुलगी होती, उत्तरेकडची. मी येईपर्यंत ती जेवायची नाही. मी आले की पालथ्या बादलीवर बसून डबा उघडायची आणि मी खिडकीबाहेरून गोष्ट सांगायची, निम्मी हिंदीत, निम्मी मराठीत. डबा संपला की मी म्हणायची, आता झोप. ती निमूट चटईवर आडवी व्हायची. चार वाजता आई पहिल्या शिफ्टवरून यायची तोवर झोपून राहायची. आईनं खोलीत एक जुना बटणांचा फोन ठेवला होता. त्यातलं एक बटण दाबून धरलं की मला फोन लागायचा.

तर मला गावात एक पाळणाघर हवं होतं, नगरपरिषदेनं चालवलेलं, कंपनीच्या शिफ्टप्रमाणे उघडणारं. त्यासाठी मी उभी राहिले. माझ्या शेजारी आप्पा राहतात. त्यांचं सगळं आयुष्य दुसऱ्यांच्या निवडणुका करण्यात गेलं. त्यांनी पहिल्याच दिवशी मला जमिनीवर आणलं.

“बाई, त्या चाळीत एकबी मत न्हाई. त्यांची नावं तिकडं, त्यांच्या गावाकडं. ज्यांच्यासाठी उभ्या ऱ्हायलात, त्यांना तुमच्यासाठी बटण दाबता यायचं न्हाई.”

“बाकीच्यांना तर येईल,” मी म्हणाले.

“बाकीच्यांची पोरं त्यांच्या घरात हायेत की.” एवढं बोलून आप्पा माझी पत्रकं छापायला निघून गेले.

अर्ज छाननीत टिकला. मग आप्पांना माघारीच्या दिवसाची काळजी लागली. अर्ज मागे घ्यायची मुदत त्या दिवशी दुपारी तीनपर्यंत असते. अपक्षांना बसवायचं असेल तर मोठी माणसं ह्याच दिवशी घरी येतात.

“सकाळपासनं येत्याल बघा,” आप्पा म्हणाले. “कुणी तुमच्या माहेरचा सोयरा काढंल, कुणी पाया पडंल. तुमचा सभाव भिडस्त. चहा पाजता पाजता सही करून बसाल. त्यापरीस गावातच थांबू नगा. फोन बंद ठेवा आन् तीन वाजल्याशिवाय चालू करू नगा.”

माझी धाकटी बहीण भीमेपलीकडं राहू गावात दिली आहे. ठरलं, तिच्याकडं लपायचं. लपायचं हा शब्द मला भलताच आवडला. आयुष्यात पहिल्यांदा मी लपण्याइतकी महत्त्वाची झाले होते. पहाटे उठून पिशवी भरली, आणि पहिल्या एसटीनं न्हावऱ्याच्या बाजूनं निघाले. चाळीतल्या मुलीच्या आईला आज येणार नाही असं सांगायचं डोक्यात होतं. पण ती सहालाच कंपनीच्या गाडीत बसून जाते, आणि मी डोक्यावरून पदर घेऊन, कुणी ओळखू नये म्हणून दुसऱ्याच गल्लीनं स्टँड गाठला. एक दिवसानं काय होतंय, असंही वाटलं.

भीमेच्या पुलावर धुकं होतं. नदी दिसतच नव्हती. पूल नुसता पांढऱ्यात घुसला होता आणि एसटी आपली संथ चालली होती. पारगावला मेहुणे मोटरसायकल घेऊन उभे होते. अंगावर इस्त्रीचे पांढरे कपडे. मी म्हटलं, कुठं लग्नाला निघालात का? तर म्हणाले, “पुढारी येणार म्हणल्यावर बनियनवर बसायचं व्हय, आक्का?”

घरी पोचले तर बहिणीनं चार माणसांचा जादा स्वयंपाक मांडलेला. मी कपाळाला हात लावला.

“अगं, मी लपायला आलेय. त्यांना सापडायचं नाहीये मला.”

“तू कुठंबी लप, ती माणसं हुडकीत येणारच,” ती म्हणाली. “न्हाई म्हणायचं ते तू खुशाल म्हण. पर दारातनं कुणाला उपाशी लावून द्यायचं न्हाई.”

मला उसाच्या कडेला, चिंचेखाली बाज टाकून दिली. उसाला तुरे आले होते. पलीकडं गुऱ्हाळाच्या धुराड्यातून धूर निघत होता, आणि रस उकळल्याचा गोड वास साऱ्या शिवारावर पसरला होता. त्या वासात माणूस धड जागं राहत नाही आणि धड झोपतही नाही. फोन बंद, घड्याळ घरात. मी बाजेवर पडले आणि माझी जुनी खोड मोकळी सुटली.

पाळणाघर दिसायला लागलं. एक लांबच्या लांब खोली होती. तिच्या खिडक्या पोरांच्या उंचीच्या होत्या आणि कड्या आतून. चाळीस पोरं एका ओळीत झोपलेली. मी अनवाणी त्यांच्यामधून चालले होते आणि कुणाचंच पांघरूण सरकलेलं नव्हतं. मग कंपनीची गाडी थेट दारात आली. बाया उतरल्या आणि प्रत्येकीनं न बघता, नुसतं हुंगून आपलं पोर उचललं. पुढं मी नगराध्यक्षाच्या खुर्चीत बसले होते, पण खुर्ची एवढी उंच होती की माझे पाय जमिनीला टेकत नव्हते. ते मी टेबलाखाली कुणाला दिसू नयेत म्हणून झाकत होते. गाव खाली, धुक्यात. आणि साऱ्या गावात एकाही दाराला कुलूप नव्हतं.

मधूनच वाटेवर धुरळा उठायचा. मेहुणे उठून शर्ट झटकायचे, बहीण पाण्याचा तांब्या भरायची, आणि मी बाजेवर उठून बसून चेहरा कठोर करायची. मनातल्या मनात माझं उत्तर तयार होतं. “साहेब, हा प्रश्न माझा नाही, त्या लेकरांचा आहे.” धुरळा जवळ यायचा आणि त्यातून उसाची ट्रॉली निघायची. असं चारदा झालं.

जेवायची वेळ झाली तशी बहीण माझ्याजवळ लसूण सोलायला बसली. मी तिला चाळीतल्या मुलीबद्दल सांगत होते. ती ऐकून घेऊन म्हणाली, “आक्का, भावजी गेल्यापासनं तुझ्या घरात दोन खोल्या मोकळ्या पडल्यात. पोरगा पुण्याला. मग त्या पोरीला तुझ्याकडंच का न्हाई आणत?”

“एका पोरीनं काय होतंय?” मी म्हणाले. “सगळ्या गावाची सोय झाली पाहिजे.”

“व्हय, ती तर झालीच पाहिजे,” ती म्हणाली आणि लसूण घेऊन आत गेली.

पण मी खोटं बोलले होते. मला भीती वाटत होती. परक्याचं लेकरू घरात घ्यायचं, आणि पडलं, भाजलं, ताप डोक्यात गेला, तर त्याच्या आईच्या पुढं कुठल्या तोंडानं उभी राहू? लेकरू गमावलेल्या आया मी दवाखान्यात पाहिल्या होत्या. गजांच्या बाहेर उभं राहून गोष्ट सांगणं सोपं होतं. चाळीस पोरांचं स्वप्न बघणं तर त्याहून सोपं.

मेहुणे घरातून घड्याळच घेऊन आले. “वाजलं तीन! आता तुम्हाला कुणाचा बाप हलवत न्हाई!” बहिणीनं माझ्या तोंडात गुऱ्हाळावरचा ऊन ऊन गूळ कोंबला. आम्ही तिघं हसलो. मग हळूहळू हसू सरलं. जादा पोळ्या पाटीत तशाच झाकलेल्या होत्या. कुणीच आलं नव्हतं.

“रस्ता चुकली असत्याल,” मेहुणे माझ्याकडं न बघता म्हणाले.

खरं सांगते, मला वाईट वाटलं. ज्यांना मी दिवसभर नकार देत होते, त्यांना माझी आठवणसुद्धा झाली नव्हती. निदान फोन तर केले असतील, म्हणून मी फोन चालू केला. मेसेजमागून मेसेज येऊन पडायला लागले. बंद काळात कुणाकुणाचे फोन येऊन गेले, त्याचे. अकरा होते. सगळे एकाच नंबरचे. पहिला एक वाजून सात मिनिटांनी.

तो चाळीतल्या खोलीतला नंबर होता. मी उलट फोन केला. कुणी उचलला नाही.

मेहुण्यांनी मला पारगावला सोडलं. एसटी कितीतरी वेळ आली नाही. आली तेव्हा मी खिडकीशी बसले, पण मला बाहेरचं काही दिसलं नाही. चार वर्षांचं लेकरू बटण दाबतंय, फोन बंद आहे असं कुणी बाई परक्या आवाजात सांगतेय, आणि ते पुन्हा दाबतंय. अकरा वेळा. आणि त्या वेळी मी चिंचेखाली पडून त्याच्याच भल्याचं स्वप्न बघत होते. एवढी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

पोचेपर्यंत साडेपाच झाले. कुलूप निघालेलं होतं, आई दारात भांडी घासत होती. पोर धडधाकट होतं. मी दाराच्या चौकटीला धरून उभी राहिले.

“एक बजे से खिड़की पे खड़ी थी,” आई म्हणाली. “डिब्बा भी नहीं खोला.” तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

मुलगी भिंतीकडं तोंड करून चटईवर पडली होती. मी हाक मारली, तशी तिनं चादर डोक्यावर ओढून घेतली. माझ्या ओठांवर आलं होतं, की बाई गं, तुझ्यासाठीच गेले होते मी. ते गिळलं आणि आईला म्हटलं, “कल से इसको मेरे घर छोड़ के जाना.”

ती भांडं हातात धरून बघतच राहिली. “आपका तो चुनाव है ना?”

“है.”

“फिर?”

“फिर भी,” मी म्हटलं. मग तिला माझ्या घराची वाट सांगितली.

दुसऱ्या दिवशी पहाटे तिनं झोपेतल्या मुलीला माझ्या खांद्यावर दिलं आणि ती पळत कंपनीच्या गाडीकडं गेली. उजाडल्यावर मुलगी उंबऱ्यावर जाऊन बसली. माझ्याशी बोलायची नाही. तीन दिवस ती बोलली नाही. चौथ्या दिवशी म्हणाली, “कहानी.” तेवढंच.

आप्पांचा मात्र पारा चढला. “उमेदवार घरात आन् आम्ही रस्त्यावर! दुपारी बाया घरी असत्यात, मतं मागायची खरी येळ तीच.” पण मी चारपर्यंत हलले नाही. चारला आई यायची, मग मी पत्रकं घेऊन निघायची. आप्पा आणि माझ्याबरोबरच्या निवृत्त नर्सा सगळं गाव पालथं घालत होते. एकदा आईला दुहेरी ड्युटी लागली, म्हणून मुलीला कडेवर घेऊन बाजारपेठेत फिरले. नात का, असं सगळे विचारायचे. “व्हय म्हणा, मतं वाढत्यात,” आप्पा कुजबुजले. मी नाही म्हणायची आणि चाळीतल्या कुलपांचं सांगायची. कुणी ऐकून घ्यायचे, कुणी गिऱ्हाईकाकडं वळायचे. त्याच आठवड्यात चाळीतली दुसरी एक बाई आपलं पोर घेऊन दारात आली. मी त्याला आत घेतलं. त्या वेळीही भीती वाटलीच.

मोजणीच्या दिवशी उमेदवारानं मोजणीच्या ठिकाणी असावं लागतं, असं आप्पांनी मला दहादा बजावलं होतं. मी त्यांनाच पाठवलं. दुपारी जेवणं झाली, गोष्ट झाली. बाहेर लांबवर फटाके वाजले. मुलीचा हात माझ्या पदराच्या टोकावर होता. ती झोपेल झोपेल म्हणताना तिचे डोळे पुन्हा उघडत होते. शेवटी झोपली. मी श्वास रोखून पदर सोडवला, तोच फाटक वाजलं.

दारात आप्पा उभे होते. त्यांच्या सदऱ्यावर गुलालाचा ठिपकाही नव्हता. सारी हयात रिक्षातल्या भोंग्यावर पुकारा केलेला माणूस. त्यांनी तोंड उघडलं आणि मी घाईघाईनं ओठांवर बोट ठेवलं.

“हळू, आप्पा. आत्ताच झोपलीय.”

आप्पांनी माझ्या खांद्यावरून आत पाहिलं. चपला उंबऱ्याबाहेर काढून ठेवल्या. मग वाकून, माझ्या कानाशी तोंड आणून, आपण पडलो असं त्यांनी मला सांगितलं.