सतरा जणांचा एक नंबर

आमच्या आळीत सतरा माणसांचा मिळून एकच मोबाइल नंबर होता आणि तो माझ्या आत्याचा होता. बाकीच्यांकडे फोन नव्हते असं नाही. पण कोणाचा रिचार्ज संपलेला असायचा, कोणाचा फोन नवऱ्याबरोबर बोटीवर गेलेला असायचा, कोणाला आलेला मेसेज वाचता यायचा नाही. आत्या सातवी शिकलेली, दिवसभर किनाऱ्यावर सापडणारी आणि ऐकलेलं पोटात ठेवणारी. त्यामुळे गॅसवाल्यापासून दवाखान्यापर्यंत कोणीही नंबर विचारला की आळीतल्या बायका आत्याचा नंबर घडाघडा सांगायच्या. स्वतःचा सांगताना अडखळायच्या.

मी अलिबागला वकिली करते. ग्राहकांची प्रकरणं बरीच चालवते, त्यामुळे लोकांना शहाणपण शिकवायची मला खोड आहे. दिघीला घरी गेले की आत्याशी माझं यावरून वाजायचं. "प्रत्येकाचा नंबर वेगळा हवा, आत्या. हे धोक्याचं आहे," मी म्हणायची.

"माझ्या घरात कपाट हाय," ती म्हणायची. "त्यात काय सगळं माझंच सामान हाय?"

पुढच्या खेपेला मी पुन्हा तेच सांगायची.

आत्या बोंबील सुकवते. बांबूच्या आडव्या काठ्यांच्या वलांडीवर एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवून जोडीजोडीने ते टांगायचे, आणि हे काम दोघींनी करायचं. एकीने जोडी लावून द्यायची, दुसरीने टांगायची. आत्याची दुसरी म्हणजे शेजारच्या घरातली तिची मैत्रीण. मी तिला मावशी म्हणते. तीस वर्षं त्या दोघींनी एकाच वलांडीवर काम केलं. आत्या बोलायची, मावशी हं हं करायची.

या कामात हात सतत ओले आणि खवल्यांचे. म्हणून फोन वाजला की आत्या हाताने उचलत नसे. जी जवळ असेल ती कोपराने बटण दाबायची आणि फोन स्पीकरवर टाकायची. ज्या बाईचं काम असेल ती लांबूनच ओरडून उत्तर द्यायची. अख्ख्या किनाऱ्याला कोणाचा सिलिंडर कधी येणार ते ठाऊक असायचं, आणि त्यात कोणाला काही वावगं वाटत नसे.

काही वर्षांपूर्वी आमच्या शाळेत एका खाजगी लॅबचं तपासणी शिबिर झालं. आत्या टेबलापाशी उभी राहिली, सतरा जणांची नावं तिने लिहून दिली, प्रत्येक नावापुढे आपलाच नंबर दिला. फीच्या पावत्याही तिच्याच नावावर फाटल्या. पंधरा दिवसांनी रिपोर्ट तिच्या फोनवर आले. मावशीला टीबी निघाला.

हे त्या दोघींनाच माहीत होतं. सहा महिने मावशीच्या गोळ्या आत्याच्या तांदळाच्या डब्यात होत्या. मावशी रोज सकाळी चहाच्या निमित्ताने यायची, गोळ्या घ्यायची, जायची. तिच्या सुनेला वाटायचं, सासूला घरचा चहा आवडत नाही. मावशी पूर्ण बरी झाली, डॉक्टरांनी तसं लिहूनही दिलं. पण सुकी मासळी विकणाऱ्या बाईला टीबी होता असं एकदा बाजारात कळलं की तिच्या पाटीपुढे कोण थांबतंय? आत्याने हे मलासुद्धा सांगितलं नव्हतं. मला ते आळीबरोबरच कळलं.

झालं असं. गेल्या थंडीत, सकाळी दहाच्या सुमारास फोन वाजला. कोणीतरी कोपराने दाबला. गोड आवाजाची एक मुलगी मावशीचं पूर्ण नाव घेऊन बोलायला लागली. वय सांगितलं, गाव सांगितलं, आणि म्हणाली, "तुम्हाला टीबी झाला होता ना, त्यानंतरच्या अशक्तपणासाठी आमच्याकडे एक टॉनिक आहे." स्पीकरवर. किनाऱ्यावर दहा-बारा बायका होत्या. आत्या ओल्या हातांनी फोनकडे धावली आणि घाईत तिच्या हातून तो वाळूत पडला. तिथेही तो बोलतच राहिला.

मावशीने हातातली बोंबलांची जोडी टोपलीत ठेवली. "तुझ्याशिवाय कोनाला म्हाईत होतं?" एवढंच ती म्हणाली आणि घरी गेली. दुसऱ्या दिवसापासून ती किनाऱ्याच्या पार दुसऱ्या टोकाला, सुनेला घेऊन, जवळा सुकवायला बसू लागली.

आत्या माझ्या ऑफिसात आली ती त्यानंतर आठवड्याने. दिघीहून फेरीबोटीने आगरदांडा, तिथून मुरूड, मुरूडहून एसटीने अलिबाग. एवढा प्रवास तिने माझ्या लग्नानंतर केला नव्हता. बसल्याबसल्या तिने फोन माझ्यापुढे ठेवला.

"माझ्या हातून कायतरी दाबलं गेलं असंल काय गो?" तिने विचारलं. "बघ बरं. मी कोनाला बोलले न्हाय. पन यंत्रातलं काय सांगावं."

मला तेव्हा तिचा राग आला नाही. लॅबचा आला, त्या गोड आवाजाचा आला. मी शोधाशोध केली. लॅबच्या नोंदी चोरीला गेल्या होत्या, वर्तमानपत्रात आतल्या पानावर चार ओळी आल्या होत्या. मी आत्याला विचारलं, लॅबकडून तुला काही मेसेज आला नव्हता का?

"आलेले," ती म्हणाली. "विंग्रजीत. एकसारखे सतरा. खाली निळं काहीतरी. मी खोडले सगळे."

"का खोडलेस?"

"तूच सांगलेलंस. अनोळखी निळं आलं की खोडायचं."

खरंच मी सांगितलं होतं, दोन वेळा, दम देऊन. ते सतरा मेसेज म्हणजे नोंदी चोरीला गेल्याची लॅबने दिलेली कबुली होती आणि माझ्याच शिकवणीने ती गेली. मी उठून पाणी प्यायले.

मग तिच्या शेजारची खुर्ची ओढून मी तिला काय काय करता येईल ते सांगत बसले. पोलिसांच्या सायबर विभागात तक्रार करता येईल, पण ते चोराला शोधतील, लॅबला नाही. माहितीच्या संरक्षणाचा नवा कायदा आलाय, पण त्यातली बरीच कलमं लागू व्हायची आहेत, आणि त्यात जो दंड होईल तो सरकारात जमा होणार, तुम्हाला मिळणार नाही. जुन्या आयटी कायद्याखाली मुंबईला अधिकाऱ्यापुढे भरपाई मागता येईल. आणि इथे अलिबागला ग्राहक आयोग आहे. पैसे घेऊन सेवा दिली आणि माहिती नीट सांभाळली नाही, म्हणून तिथे दाद मागता येईल. मला विचारशील तर हाच रस्ता बरा.

आत्याने सगळं ऐकून घेतलं. "ह्यात ते लिवून देतील काय," तिने विचारलं, "की ते त्यांच्याकडून गेलं, माझ्याकडून न्हाय?"

"आत्या, भरपाई मिळू शकते."

"ती तिला मिळू दे. मला कागद पायजे."

आणि इथेच गाडं अडलं. माहिती मावशीची. तिच्या आजाराची तक्रार तिनेच करायला हवी, सही तिची हवी, आणि मावशी आत्याचं तोंड बघत नव्हती. आत्याच्या नावावर होत्या त्या पावत्या आणि एक फोन नंबर. मी तेवढ्यावरच लॅबला नोटीस धाडली. काय झालं, कधी झालं, या नंबरखालच्या कोणकोणत्या नोंदी गेल्या, याचं लेखी उत्तर मागितलं.

महिन्याने त्यांच्या वकिलाचा फोन आला. सभ्य माणूस. कोणताही दोष मान्य न करता एक रक्कम द्यायला ते तयार होते. अट एवढीच की पुढे कुठे वाच्यता करायची नाही. वकील म्हणून मला तो देकार वाईट वाटला नाही आणि मी तसं आत्याला फोनवर सांगितलं.

"दोष मान्य न करता म्हंजे?"

"म्हणजे चूक आमची, असं ते म्हणणार नाहीत."

"मंग कोनाची म्हनतील?"

सतरा वर्षं कोर्टात उभी राहणारी मी, त्या प्रश्नापुढे मला माझीच लाज वाटली. दुसऱ्याच दिवशी देकार नाकारल्याचं कळवलं आणि ग्राहक आयोगात जाण्याची शेवटची नोटीस पाठवली.

त्या नोटिशीला उत्तर आलं ते अगदी रुक्ष इंग्रजीत, दोन पानी. नोंदी ठेवणाऱ्या त्यांच्या कंत्राटदाराच्या सर्व्हरमधून बाहेरच्या कोणीतरी त्या उचलल्या होत्या. त्यात या नंबरखालच्या सतराही नोंदी होत्या, त्यांची नाव-निदानासकट यादीही दिली होती. आणि शेवटी, बहुधा जबाबदारी कंत्राटदारावर ढकलायच्या नादात, त्यांनी लिहिलं होतं की नोंदणी करणाऱ्या व्यक्तीच्या फोनमधून काहीही गेलेलं नाही. मी ते वाक्य तीनदा वाचलं. मग मराठीत उतरवलं, नीट टाइप केलं आणि स्वतः दिघीला घेऊन गेले.

माझा बेत असा की किनाऱ्यावर सगळ्यांसमोर वाचून दाखवायचं. बदनामी चारचौघांत झाली होती, खुलासाही चारचौघांत व्हावा. आत्याने माझ्या हातातून कागद काढून घेतला.

"त्यात तिच्या दुखन्याचं नाव हाय," ती म्हणाली. "एकदा वाचलं त्या पोरीने. पुरे झालं."

चार महिने बायका तिच्याकडे तिरक्या नजरेने बघत होत्या. नंबर सांगायचा बंद केला होता त्यांनी. तिला एका मिनिटात मोकळं होता आलं असतं. ती कागदाची घडी करून एकटीच किनाऱ्याच्या त्या टोकाला गेली. मी लांब उभी राहिले. तिने कागद मावशीपुढे धरला. मावशीला वाचता येत नाही. जवळच सून बसली होती, तिला वाचता येतं. मावशीने सुनेला घरी काहीतरी आणायला पाठवलं आणि कागद पुन्हा आत्याच्या हातात दिला.

आत्या वाचत होती तेवढा वेळ मावशी जवळ्यातले खडे वेचत होती. वाचून झाल्यावर आत्या कागदाची घडी करून तिच्याशेजारी खडे वेचायला बसली. मला तिथे रडू आलं, ते लपवायचं काही कारण नाही.

पुढच्या सोमवारी दोघी फेरीने आल्या. मावशी माझ्या ऑफिसात पहिल्यांदाच आली होती, पदर दोन्ही खांद्यांवरून घेऊन खुर्चीच्या कडेवर बसली. टीबीचं नाव तक्रारीत येणार, हे मी तिला दोनदा सांगितलं. आयोगाला ते गुप्त ठेवायची विनंती आपण करू, हेही सांगितलं. तिने मान हलवली. मी तक्रारीचे रकाने भरत गेले. नाव, वय, पत्ता.

"मोबाइल नंबर?" मी विचारलं.

तिच्या कमरेच्या पिशवीत सुनेने घेऊन दिलेला नवा फोन होता. मला त्याची कडा दिसत होती. मावशीने त्याकडे हातही नेला नाही. खिडकीबाहेर बघत, एका दमात, न अडखळता तिने दहा आकडे म्हटले.

आत्या तेव्हा आपले हात बघत बसली होती. असा दुसऱ्याचा नंबर देऊ नका, हे सांगणं माझं काम होतं. मी तो लिहिला.