सहा लाख तीस हजार दोनशे नऊ फेरे

दातेरी चाकं कापण्याच्या त्या छोट्या कारखान्यात थोरली शाळा सुटल्यापासून बाबांच्या हाताखाली राबत होती. धाकटी संसार मोडून घरी परतली आणि शेजारच्या यंत्रावर उभी राहिली. तेव्हापासून बाबा येईल त्याला सांगू लागले, "आकड्यांत हिचं डोकं भारी चालतं!" ते ऐकलं की थोरली पाठ फिरवून आपल्या यंत्राकडे वळायची.

एकदा विज्ञान संग्रहालयाच्या बाई काम घेऊन आल्या. "शहरात सहा लाख तीस हजार दोनशे नऊ माणसं आहेत. प्रत्येकाने हँडलचा एक फेरा द्यायचा. सगळ्यांचे झाले की शेवटचं चाक बरोबर एकदा फिरलेलं हवं."

थोरलीने ते काम हट्टाने स्वतःकडे घेतलं. संख्येचे अवयव पडले, तर तेवढ्या दातांची चाकं जोडता येतील. एक चाक पुरतं फिरलं की पुढचं एक दात सरकेल. पण संख्या विषम. अंकांची बेरीज वीस, म्हणजे तीननेही जात नव्हती. पाच, सात, अकरा करत ती एकाहत्तरपर्यंत पोहोचली. दर वेळी बाकी उरलीच.

"मूळ संख्या आहे ही, फुटायची नाही," तिने पेन्सिल आपटली. "बाईंना सांगा, एक माणूस कमी करा!"

चहा ओतता ओतता धाकटी म्हणाली, "ताई, त्र्याहत्तरने बघितलंस?"

भाग गेला. उरले आठ हजार सहाशे तेहतीस. त्याचेही धाकटीने एकोणनव्वद आणि सत्त्याण्णव असे दोन तुकडे पाडले. बाबांनी तिच्या पाठीवर थाप मारली. थोरलीचा चहा तसाच निवला. एकाहत्तरनंतरची पहिलीच मूळ संख्या त्र्याहत्तर. फक्त एक पाऊल!

दुपारी पहिलं चाक कापायला घेतलं, तेव्हा तिने बहात्तरच दात पाडले. नुसत्या डोळ्यांना कुणाला काय कळणार?

धाकटीने चाक पुसायला घेतलं आणि बोटाने दात मोजले. बाबा बाहेर गेलेले बघून ती हळूच म्हणाली, "एक दात कमी आहे. पुढे गुणत गेलं की आठ हजार सहाशे तेहतीस माणसं बाहेर राहतात, ताई."

"मुद्दाम केलंय. सांग जा बाबांना."

"मुद्दामच असणार. तुझा हात कधी चुकत नाही."

हेच शब्द बाबांच्या तोंडून ऐकायला थोरलीचे कान आसुसले होते. हिच्या तोंडून ते आले आणि तिला आणखीच झोंबले. तिने ते चाक भंगारात टाकलं आणि नवं कापलं. धाकटीने बाबांना एक अक्षरही कळू दिलं नाही. त्या चांगुलपणाचाही थोरलीला राग आला.

उद्घाटनाला बाबांनी धाकटीचा हात धरून तिला हँडलपाशी नेलं. टाळ्या झाल्या. थोरली रांगेत उभी राहिली. तिची पाळी आली, तिने फेरा दिला, काचेआड पहिलं चाक एक दात सरकलं. दाताची कड किती स्वच्छ निघाली होती! ती बघतच राहिली.

"अहो, पुढे सरका की," मागची बाई म्हणाली.