न धुतलेला पंप

आमच्या चर्चमध्ये महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं. भाकर आणि द्राक्षरसाचा प्याला फिरण्याआधी पाळक दर वेळी थांबतात आणि सांगतात, कोणाशी वाकडं असेल त्यानं आधी जाऊन समेट करावा. सहा वर्षं मी इस्त्रीचा शर्ट घालून एसटीनं मेहकरला जात होतो, मान खाली घालून थांबत होतो आणि प्याला घेत होतो. माझं कोणाशी वाकडं नव्हतंच मुळी. माझ्यामुळे दुसऱ्यांचं झालं होतं.

झालं ते एवढंच. बांधावरचं तण मारून मी फवारणीचा पंप तसाच गोठ्यात ठेवला. दुसऱ्या दिवशी शेजारच्या शेतातल्या दोघा भावांपैकी धाकटा पंप मागायला आला. त्यांच्या मिरचीवर किडीचं औषध मारायचं होतं. तणनाशकाचा पंप दोन-तीनदा घासून धुतल्याशिवाय पिकावर चालवत नाहीत, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. मी आळस केला आणि तसाच दिला. आठवड्याभरात उभी मिरची आकसून करपली. थोरल्यानं धाकट्याला पारावर सगळ्यांदेखत धारेवर धरलं. "दुकानातून काय उचलून आनलं बे? वाचता येते नं तुले?"

मी तिथंच उभा होतो. औषधाची बाटली बरोबर होती, हे मला एकट्याला माहीत होतं, आणि माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. पुढे दोघा भावांची बोलाचाल बंद झाली, शेताच्या वाटण्या झाल्या, धाकटा बायकोला घेऊन सुरतेला गेला तो गेलाच.

देवाजवळ मात्र मी रोज कबुली देत होतो. प्रभूनं माझं पाप वधस्तंभावर वाहून नेलं यावर माझा विश्वास होता, आजही आहे. पण त्या विश्वासाच्या आड मी चोरासारखा लपलो. वर मिटलंय, मग खाली कशाला उकरायचं, असं स्वतःला समजावत राहिलो. थोरला बांधावर येऊन तंबाखू मागायचा आणि मी द्यायचो.

यंदा धाकटा सुरतेतच वारला. थोरला मातीला गेला नाही. हे कळलं त्या दिवशी मला घरात बसवेना. थोरला विहिरीवर होता. त्याला उभ्या उभ्या सगळं सांगितलं आणि शेवटी म्हणालो, "देवानं मले माफ केलं दादा, तुमच्यापाशी येयाचं राह्यलं होतं."

त्यानं मोटार बंद केली.

"देवानं माफ केलं नं? मंग मले काऊन सांगून राह्यला? सहा वर्सं त्याच्यावर राग धरला म्या. त्या रागापायी त्याच्या मातीले गेलो नाही. तू मोकळा होऊन आला. आता म्या कोठी जाऊ?"

मी पाया पडायला वाकलो, तर तो मागे सरकला.

पुढच्या प्रभुभोजनाच्या रविवारी प्याला माझ्यापर्यंत आला. मी तो शेजारच्याकडे सरकवला. पाळकांनी नंतर बाजूला घेऊन विचारलं, कोणाशी समेट राहिलाय का? धाकटा डोळ्यांसमोर आला आणि मी होकारार्थी मान हलवली.

"मग थांबलात कशाला?" ते मायेनं म्हणाले. "आजच जाऊन त्याला भेटून या."