गेमसाठी वारलेले आजोबा
नातवाने मोबाइलवर मारामारीचा गेम लावला, की त्या धाडधाड आवाजाने मला कोथरूडची ती तीन पोरं आठवतात. त्यांच्या पोळ्या करायची मी. त्या सकाळी गेले तर तिघंही घरीच, तोंडं सुतकातली. "कोण गेलं रे?" "मावशी, गेमचा दुसरा पार्ट आलाय. शहर एवढं मोठं दिलंय, पण सगळं मेलेलं. पहिल्याची सर नाही." त्यासाठी ऑफिसात आजोबा वारले म्हणून सांगितलेलं. "सुट्टी वाया गेली हो." म्हटलं, "आणि आजोबाही." कणीक मळता मळता मी माझ्या नवऱ्याचं काढलं, मालक दवाखान्यात आहेत, दोन दिवस येणार नाही. टीव्हीवरची नजर न हलवता एक म्हणाला, "मावशी, खरंच ना?" कणीक परातीत तशीच ठेवून मी चप्पल घातली. मालक दवाखान्यातून काही घरी आले नाहीत. त्या पोरांचं घर सोडल्याचं मात्र आजही वाईट वाटत नाही.