आकाशावर पाय

मँचेस्टरला युनिव्हर्सिटीच्या शेवटच्या वर्षाला मी प्रबंधासाठी जो चित्रकार निवडला, त्याचं बरंचसं काम जगात कुठेच शिल्लक नव्हतं. अठराव्या शतकातला आयरिश माणूस. लंडनला येऊन तो थिएटरचे पडदे रंगवायचा आणि निसर्गचित्रंही काढायचा. त्यातली थोडी चित्रं राहिली. पडदे मात्र वापरून विरले, किंवा त्यांच्यावर दुसरे देखावे रंगवले गेले. मी त्याची चित्रं पाहिली होती तीसुद्धा लायब्ररीतल्या पुस्तकात, काळ्यापांढऱ्या फोटोंत.

"जे बघताच येत नाही, त्यावर तू लिहिणार काय?" माझ्या ट्यूटरनी विचारलं. माणूस भला होता, प्रश्नही रास्त होता. "सोमवारी येऊन सांग. नाहीतर मी सुचवलेला विषय घे."

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. ट्यूटरशी वाद घालायचा असतो की नसतो, हेही मला ठाऊक नव्हतं. मी "थँक यू" म्हणून बाहेर आले. पण तो विषय मला सोडवेना. हजारो माणसांनी डोळे भरून पाहिलेलं काम असं नाहीसं होतं, आणि तरी तो माणूस दुसऱ्या दिवशी नवा पडदा रंगवायला घेतो, हे माझ्या मनातून जात नव्हतं.

शहरातल्या एका थिएटरची पडदे रंगवायची वर्कशॉप होती. मी घाबरत फोन केला. शनिवारी या, असं एका बाईंनी सांगितलं. बाबांना सुट्टी होती, तेही निघाले. ते बस चालवायचे, त्यामुळे दुसऱ्याच्या बसमध्ये त्यांना चैन पडायचं नाही.

"बघ, बघ, कसा ब्रेक मारतोय! माणसं बसवलीत की बटाट्याची पोती?"

"बाबा, हळू बोला."

"मराठीत बोलतोय गं. त्याला काय कळतंय?"

वर्कशॉपमध्ये जमिनीभर एकच कापड ताणून, कडेने खिळे मारून पसरलं होतं. पन्नाशीच्या एक बाई जाड मोजे घालून त्या कापडावर चालत होत्या. लांब काठीला बांधलेला ब्रश बादलीत बुडवायचा आणि उभ्या उभ्या रंग लावायचा, असं त्यांचं काम. सरसात कालवलेल्या रंगाचा उग्र वास सगळीकडे भरला होता.

"बूट काढा आणि या आत," त्या म्हणाल्या.

बूट मी काढले. पण कापडाच्या कडेला येऊन थबकले. पुढे फिकट निळा रंग होता, म्हणजे ते आकाश असणार. आमच्याकडे पुस्तकाला चुकून पाय लागला तरी हात लावून नमस्कार करतात. हे तर अख्खं चित्र.

"अगं, चित्रावर पाय देतेस?" बाबा कुजबुजले.

"त्या चालतायत की."

"त्यांचं त्यांच्यापाशी. तू कडेकडेनं बघ."

"कडेनं काही दिसत नाहीये, बाबा."

शेवटी मी वाकले, कापडाला बोटं लावली आणि ती कपाळाला टेकवली. मागोमाग बाबांनीही तेच केलं.

"अहो, सुकलंय ते!" बाई हसून ओरडल्या. "रंग नाही लागणार तुम्हाला."

मी आत गेले. पायाखाली नुसते डाग. राखाडी फरकाटे, तळहाताएवढे पांढरे ठिपके, कोळशाची एक तुटक रेघ. मी इथे आहे तरी कुठे, असं मी विचारलं.

"धबधब्यात," बाई म्हणाल्या, आणि त्यांनी भिंतीवरच्या लोखंडी जिन्याकडे बोट दाखवलं.

वर जाऊन आम्ही कठड्यावरून खाली पाहिलं. खाली दरी होती. दोन्ही बाजूंनी काळोखी झाडं पुढे झुकलेली, मधून पाणी कोसळत होतं, आणि पार मागे डोंगरावर ऊन पडलं होतं. माझ्या अंगावर काटा आला. बाबांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

"खाली उभं राहून ह्यांना कसं कळतं गं हे? विचार त्यांना."

मी विचारलं.

"कळत नाही," बाई म्हणाल्या. "शेवटच्या रांगेतल्या माणसाचे डोळे मनात धरायचे आणि रंग लावत जायचं."

सोमवारी मी हे सगळं ट्यूटरना सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "पण त्या काळी इथे बहुतेक उभ्या चौकटीवर रंगवत. जमिनीवर नाही."

आता संपलं, असं मला वाटलं. तरी तोंडातून निघून गेलं, "पण चौकट उभी असली तरी रंगवणारा हातभर अंतरावरच ना? आणि बघणारा हॉलच्या टोकाला. ती सवय त्याच्या निसर्गचित्रांतही उतरली असेल. ती तर शिल्लक आहेत."

त्यांनी चष्मा काढून पुसला. "फोटोवरून हे नाही सांगता येणार. खरी चित्रं जाऊन बघ." आणि विषयाच्या कागदावर सही केली.

लंडनच्या गॅलरीत त्याचं पहिलं खरं चित्र मी पाहिलं, तेव्हा आधी अगदी जवळ गेले. झाडाची पानं म्हणजे नुसते फटकारे होते, घाईचे वाटावेत असे. मग मी मागे सरकत गेले. एका ठिकाणी ते फटकारे मिटले आणि झाड वाऱ्यात उभं राहिलं. चित्र लहानसंच होतं, भिंतीवर टांगायचं. तरीही मी जिथे उभी होते, तिथून काय दिसेल हे त्यानं दोनशे वर्षांपूर्वी, चित्राला नाक लावून उभं असताना, मनात धरलं होतं.

मी तिथेच उभी राहिले. माझ्यामागे कोणी थांबलं होतं, त्यांना वाट द्यायचंही सुचलं नाही.