आईला कळेपर्यंत

दादाचा फोन आला तेव्हा मी करमाळ्यात, डोहाळजेवणाला जमलेल्या बायकांपुढे, उमावहिनीची नक्कल करत होते. पदर खोचलेला, एका हातात लाटणं, कानाला मोबाइल म्हणून चमचा... आणि तिचाच खणखणीत आवाज, "डॉक्टर, मूळव्याधीत रक्त किती गेलं की घाबरायचं?" बायका हसून लोळत होत्या. खरा फोन मी त्याच ऐटीत उचलला. दादा म्हणाला, "उमा गेली गं." दोनच दिवसांपूर्वी तिनं मला बळेच पाठवलं होतं, "जा, जरा हसून ये." सहा आठवडे झाले. हात रिकामा राहिला की मी कपाटं आवरते, आवरलेली पुन्हा उपसते.

नक्कल खोटी नव्हती. वहिनी वर्तमानपत्रांसाठी आरोग्यावर लिहायची. नोकरी नाही, टेबल नाही; जुळे सोलापुरातल्या फ्लॅटची गॅलरी हेच ऑफिस, कारण आत रेंज नव्हती. तिचा तो प्रश्न अख्ख्या सोसायटीनं ऐकला. समोरच्या काकांनी धाडकन खिडकी लावली आणि संध्याकाळी वाटीत शेंगाचटणी घेऊन आले, "मग... काय म्हणाले डॉक्टर?"

घरी असते म्हणजे मोकळीच असते, हे आमचं सगळ्यांचं मत. पाहुणे तिच्याकडे, गॅसचा सिलिंडर तिच्याकडे. मी वरच्याच मजल्यावर राहते, त्यामुळे माझ्या मुलीचा डबासुद्धा तिच्याकडे! भाकरी थापता थापता ती फोनवर म्हणायची, "थांबा हं डॉक्टर, एवढी उलटते आणि लिहून घेते."

लेखाची पहिली वाचक आमची आई, म्हणजे तिची सासू. मंगळवेढ्याची, चौथी शिकलेली. वहिनी वाचायची, आई "कळलं" म्हणाली तरच लेख जायचा. "ह्यो प्रतिबंध कोन?" असं आईनं विचारलं की वहिनी निमूट शब्द खोडायची.

"आई, तुम्ही संपादकच व्हायला हवं होतं."

"व्हते की. पगार परवडंल का तुला?"

गेल्या वर्षी वहिनीचं पोट दुखायला लागलं. महिनोन् महिने तिनं कुणाला सांगितलं नाही. दुखणं अंगावर काढू नका, हे तिनं कितीदा लिहिलं असेल! निदान झालं तेव्हा फार उशीर झाला होता. मग एकच ध्यास लागला, लिहिणारीच गप्प का बसली ते लिहायचं. "एक बाई जरी वेळेवर डॉक्टरकडे गेली ना, तरी पुरे," म्हणायची.

लेख लिहून तिनं आईला वाचून दाखवला. आई म्हणाली, "कळलं न्हाय." वहिनीनं सोपं केलं. "न्हाय कळलं." चार पानांची दोन झाली, दोनाचं एक. शेवटी मी आईला जिन्यात गाठलं.

"नाटक पुरे, आई. तुला सगळं कळतंय."

आई कठड्याला धरून उभी राहिली. "भाकरी थापताना दुखायचं, आसं लिवलंय तिनं. त्या भाकरी कुनी खाल्ल्या? लोक इचारतील की."

माझ्या मुलीचा डबाही त्यातच होता. आईचं हे बोलणं मी वहिनीला सांगितलं नाही. सांगायला हवं होतं. तिनं ओळखलं होतं का, देव जाणे. पण आईला वगळून लेख पाठवायला ती तयार झाली नाही. शेवटपर्यंत शब्द बदलत राहिली.

तेराव्यानंतर आईच म्हणाली, "वाच." वहिनीच्या मोबाइलवरून मी ते पान वाचलं. मी सगळ्यांचे आवाज काढते, पण त्या दिवशी माझा स्वतःचाच निघेना. वाचून झाल्यावर आई म्हणाली,

"पयल्याच दिशी कळलं हुतं. धाड. आन् भाकरीचं खोडू नगंस."

गेल्या रविवारी लेख छापून आला. सोमवारी सकाळी तळमजल्यावरची रेखा कात्रण घेऊन दारात उभी. "आजी, मलाही तसंच दुखतंय, दोन महिने झाले. पोरांचे डबे करते आणि दुपारी जाऊन येते दवाखान्यात."

"दुपारी न्हाय, आत्ता जायचं. मी येते संगं." आईनं चपला घातल्या आणि माझ्याकडे बोट केलं. "डबं ही करंल."

रिक्षा गेली. वहिनीची परात ओट्यावर भिंतीला टेकून उभी होती, सहा आठवडे कुणी हलवली नव्हती. मी ती आडवी केली, पीठ घेतलं. भाकऱ्या जाड झाल्या. एक करपली.